अकरावी सायन्सचं इंग्रजी पुस्तक : एक पान वाचायचं कसं?

(दृश्य : तालुक्याच्या गावातली अभ्यासिका. टेबलावर अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक, वही, टोकदार पेन्सिल.)

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलामुलींच्या हातात अकरावी सायन्सला एकदम सगळी पुस्तकं इंग्रजीतली येतात. दहावीला विज्ञानात चांगले मार्क मिळवलेली मुलगीही पहिल्याच महिन्यात म्हणते, "वाचते, पण डोक्यावरून जातं." तिला विज्ञान येतं, इंग्रजीच्या तासाला व्याकरणही झालेलं असतं. पण पाठ्यपुस्तकातलं इंग्रजी वाचायचं कसं, हे तिला कुणी शिकवलेलंच नसतं. मग गाईड येतं, अपेक्षित प्रश्नसंच येतो आणि घोकंपट्टी सुरू होते.

त्याआधी एक पान नीट वाचून बघू.

पहिली गोष्ट म्हणजे आठवी ते दहावीची मराठी विज्ञानाची पुस्तकं रद्दीत घालू नका. त्यांत पारिभाषिक शब्दाशेजारी कंसात इंग्रजी शब्द छापलेला असतो. परासरण म्हणजे ऑस्मॉसिस, विसरण म्हणजे डिफ्युजन, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन. इंग्रजी धडा उघडण्याआधी त्याच विषयाचा मराठी भाग पंधरा मिनिटं वाचा. कल्पना नवी आणि भाषाही नवी असली, की नेमकं काय अडलंय हेच कळत नाही. कल्पना आधीच ओळखीची असेल, तर झगडा फक्त भाषेशी उरतो. दहावीच्या पुढचे शब्द अडले, तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश आहेत.

आता पान किती अवघड आहे ते मोजा. सलग १०० शब्द घ्या आणि अनोळखी शब्दांखाली बारीक टिंब द्या. कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं वाचनाचे अभ्यासक मानतात. म्हणजे पन्नासात एकच शब्द अनोळखी. अकरावीच्या सुरुवातीला शंभरात दहा-पंधरा टिंबं सहज पडतात. तेव्हा अडखळणं साहजिक आहे, त्यात बुद्धीचा दोष नाही.

मग दोन मिनिटं पान नुसतं चाळा. शीर्षक, उपशीर्षकं, ठळक शब्द, आकृतीखालची ओळ आणि धड्याशेवटचे प्रश्न. प्रश्न आधी वाचले, की काय शोधायचं ते ठरतं.

(दृश्य : पुस्तकातल्या एका वाक्यावर कॅमेरा स्थिर. पेन्सिल तिरक्या रेघा मारते.)

आता हे वाक्य घ्या. "ऑस्मॉसिस इज द मूव्हमेंट ऑफ वॉटर मॉलिक्यूल्स थ्रू अ सेमीपर्मिएबल मेंब्रेन फ्रॉम अ रीजन ऑफ हायर वॉटर कॉन्सन्ट्रेशन टू अ रीजन ऑफ लोअर वॉटर कॉन्सन्ट्रेशन."

पहिल्या शब्दापासून एकेकाचा अर्थ लावत गेलात, तर मध्यावर येईपर्यंत सुरुवात निसटते. म्हणून आधी क्रियापद शोधून त्याला गोल करा. इथं ते आहे "इज". मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याच्या मागोमाग. कर्ता आणि क्रियापद सापडलं, की वाक्याचा कणा हाती लागतो : ऑस्मॉसिस म्हणजे कसली तरी हालचाल.

आता ऑफ, थ्रू, फ्रॉम, टू या प्रत्येक शब्दाआधी तिरकी रेघ मारा. आपण प्रत्यय नामाच्या मागे लावतो : रेणूंची, पटलातून, भागाकडून, भागाकडे. इंग्रजीत तेच काम करणारा शब्द नामाच्या आधी येतो. त्यामुळे तुकडा उलटा वाचायचा. "मूव्हमेंट ऑफ वॉटर मॉलिक्यूल्स" म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल. कशातून? अर्धपार्य पटलातून. कुठून? पाणी जास्त असलेल्या भागाकडून. कुठं? पाणी कमी असलेल्या भागाकडे.

याच व्याख्येत दरवर्षी मार्क जातात. एका पुस्तकात "वॉटर कॉन्सन्ट्रेशन" असतं, दुसऱ्यात "सोल्यूट कॉन्सन्ट्रेशन". सोल्यूट म्हणजे द्राव्य. ते जिथं जास्त, तिथं पाण्याचं प्रमाण कमी. म्हणून दुसऱ्या पुस्तकात "लोअर"कडून "हायर"कडे असं लिहिलेलं असतं. दोन्ही व्याख्या बरोबर आहेत. पण नुसतं "हायर टू लोअर" पाठ केलं आणि कशाचं प्रमाण हे सोडलं, तर पाणी उलट्या दिशेला जातं. हायपरटॉनिक आणि हायपोटॉनिकचंही तसंच. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी, आणि मोजायचं ते द्राव्य. हायपरटॉनिक द्रावणात पेशीतलं पाणी बाहेर येतं आणि पेशी आकसते. हायपोटॉनिकमध्ये पाणी आत शिरतं, पेशी फुगते.

ऑफ वगैरे काहीच न येता नामांची नुसती रांग लागली असेल, तर मात्र उलटं वाचू नका. "ब्लड ग्लुकोज लेव्हल" म्हणजे रक्तातल्या ग्लुकोजची पातळी. इथं क्रम मराठीसारखाच असतो. शेवटचा शब्द मुख्य.

कर्मणी रचनेतही गडबड होते. "वॉटर इज ॲब्सॉर्ब्ड बाय रूट हेअर्स" याचा अर्थ घाईत "पाणी शोषून घेतं" असा लावला जातो. "बाय" दिसला, की खरा कर्ता त्याच्या पुढे आहे असं समजा. पाणी मूलरोमांकडून शोषलं जातं.

जोडशब्दांभोवती चौकट करा. ते थोडे आहेत, पण एक चुकला तरी अर्थ फिरतो. हाउएव्हर आला, की पुढचं विधान आधीच्याला मुरड घालणार. व्हेअरअॅज म्हणजे दोघांतला फरक. रिस्पेक्टिव्हली म्हणजे अनुक्रमे. "सोडियम आणि मॅग्नेशियमची संयुजा वन अँड टू रिस्पेक्टिव्हली" म्हणजे सोडियमची १, मॅग्नेशियमची २. सगळ्यात फसवा अनलेस. त्यात नकार आधीच असतो : बाहेरून बल लागत नाही, तोवर स्थिर वस्तू स्थिरच राहते. न्यूटनचा पहिला नियम लिहिताना अनलेसच्या पुढं आणखी "नॉट" घातला, की नियमच उलटतो.

डिक्शनरी शेवटी उघडायची आणि पानामागे जास्तीत जास्त पाच शब्दांसाठी. पुन्हा पुन्हा येणारे आणि ज्यांच्यावाचून वाक्य अडतं, तेवढेच शब्द बघा. पहिला अर्थ उचलू नका. बेस रसायनशास्त्रात आम्लारी आहे, घातांकात पाया. सेल जीवशास्त्रात पेशी, विजेच्या धड्यात घट. मोबाइलवरचं भाषांतर इथंच घोळ घालतं, म्हणून आधी स्वतः अर्थ लावा, मग ते पडताळा.

अर्थ इंग्रजी ओळीवर लिहू नका. डोळा थेट मराठी शब्दावर जातो आणि इंग्रजी वाचलंच जात नाही. समासात लिहा, पेन्सिलनं, म्हणजे नंतर खोडता येईल.

(दृश्य : वहीचं पान, उभे चार रकाने.)

शब्दवहीत चार रकाने आखा : शब्द, पुस्तकातलं पूर्ण वाक्य, मराठी अर्थ आणि शब्दाचं कुळ. व्हेरी, व्हेरिएबल, व्हेरिएशन एकत्र लिहा. एक कळला, की बाकीचे ओळखता येतात. न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली सगळ्या विद्याशाखांत लागणाऱ्या अशा ५७० शब्दकुळांची यादी प्रसिद्ध केली. उच्च शिक्षणाच्या पुस्तकांतला सुमारे १० टक्के मजकूर या शब्दांनी व्यापलेला असतो. रोज पाच कुळं घेतली, तर चार महिन्यांत यादी संपते. उजळणी दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी करा, अर्थाचा रकाना हातानं झाकून.

पान संपलं, की पुस्तक मिटा आणि आठवेल ते लिहा. पारिभाषिक शब्द इंग्रजीत आणि वाक्यं मराठीत आली तरी चालतील. त्याच दिवशी त्यातली तीन वाक्यं इंग्रजीत करा. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगांत, लगेच परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. रात्री तेच पान तिसऱ्यांदा वाचून "आलं मला" वाटतं आणि चाचणीत हात थांबतो, तो यामुळेच.

प्रश्नाचं क्रियापदही असंच वाचा. "स्टेट" म्हटलं, तर नियम फक्त सांगायचा. "एक्स्प्लेन" म्हटलं, तर कारण हवं. "डिस्टिंग्विश बिटवीन"ला दोन रकाने आखायचे आणि प्रत्येक ओळीत एकाच मुद्द्याचा फरक लिहायचा.

पहिल्या महिन्यात अशा एका पानाला पाऊण तास लागेल. रोज एकच पान घ्या. दर रविवारी नव्या पानावरचे १०० शब्द मोजा. टिंबं पाचाच्या खाली आली, की मराठी धडा आधी वाचणं सोडा आणि थेट इंग्रजी पानापासून सुरुवात करा.