गवंड्याची मूठ आणि वाळूतला मासा

नाशिकमध्ये एका बांधकामावर वाळूची गाडी रिकामी झाली आहे. गवंडी मूठभर वाळू उचलतो, तळहातावर चोळतो आणि झटकतो. हात मळला, तर वाळूत माती. हात स्वच्छ निघाला, तर माल चांगला.

हीच पारख ब्रिटनच्या पूर्वेकडच्या उत्तर समुद्राच्या तळाशी एक मासाही करतो. त्याचं नाव सँड ईल. ईल म्हणजे आपली वाम. पण हा वामीच्या जातीचा नाही. अंग मात्र तसंच लांबुडकं. चंदेरी, साधारण वीतभर.

वसंतात नि उन्हाळ्यात दिवसभर त्यांचे थवेच्या थवे पाण्यात प्लवक, म्हणजे तरंगते बारीक जीव, टिपत फिरतात. अंधार पडू लागला, की टोकदार तोंड खाली करून सूर मारायचा आणि थेट वाळूत घुसायचं. बीळ नाही, दार नाही; चहूबाजूंनी अंगाला वाळूच. श्वास चालतो तो कणांमधल्या फटींतल्या पाण्यावर. म्हणून त्याला जाडसर, धुतल्यासारखी वाळू लागते. गाळाने फटी बुजल्या, की तो त्या जागेकडे फिरकत नाही. त्यातून, बहुतेक माशांना तरंगत ठेवणारी हवेची पिशवी त्याच्या पोटात नाही. पोहणं थांबलं, की तो तळाशीच जातो. उन्हाळा सरताना मोठे मासे वाळूत शिरतात, ते महिनोन्‌महिने तिथेच. मध्ये ऐन थंडीत अंडी घालण्यापुरते बाहेर येतात. ती अंडीही वाळूच्या कणांनाच चिकटतात.

आपल्या नांदूर मधमेश्वरला नदी सुरय हा पक्षी पाण्यावर सूर मारून मासा उचलतो. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर त्याचा भाऊबंद, आर्क्टिक सुरय, पिलांसाठी असाच सँड ईल आणतो. १९८०च्या दशकात तिथे हे मासे घटले आणि सुरयांच्या वसाहतींत पिलं उपासमारीने मेली. इकडे समुद्रातून हाच मासा जहाजं भरभरून उपसला जात होता, तेल आणि पशुखाद्यासाठी. मार्च २०२४मध्ये ब्रिटनने स्कॉटलंडच्या सगळ्या आणि इंग्लंडच्या उत्तर समुद्रातल्या हद्दीत ही मासेमारी बंद केली. फार उशीर झाला, पण केलं ते योग्यच केलं.

बांधकामावर आता वाळू चाळली जाते आहे. चाळणीवर खडे उरलेत. त्यांत शिंपल्याचे तुकडे आहेत, आणि नखाएवढा एक अख्खा शंख.