वाकळ, टाळ आणि रिबन माईक

(दृश्य: वडगावातली अरुंद गल्ली. यंत्रमागांची खटखट.)

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागात माग दिवसभर चालतात. घराला घर लागून, वर पत्रा. अशाच एका माडीवर भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग ठरलंय. बुवांचा आवाज भरदार. सोबत पेटी, पखवाज आणि चार टाळकरी. 1924 साली कुमार गंधर्व जन्मले ते सुळेभावी गाव इथून जवळच. या मुलखात गळ्यांना तोटा नाही, तोटा आहे तो शांत खोलीचा.

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करणारे बहुतेक जण आधी स्वस्तातला कंडेन्सर माईक आणतात, म्हणजे वायरमधून वीज घेऊन चालणारा, बारीकसारीक टिपणारा माईक. तो बोलण्याला चालून जातो. भजनात मात्र टाळ वाजला की कानात सुई टोचते. ‘स’ आणि ‘श’ शिट्टी मारतात. स्वस्त कंडेन्सरमध्ये वरच्या पट्टीतला आवाज बहुधा मुद्दाम उठावदार केलेला असतो, त्याचा हा परिणाम. मग कुणीतरी सांगतं, रिबन घे.

(दृश्य: जाळी काढलेला माईक, अगदी जवळून.)

ही बघा ती रिबन. नागमोडी चुण्या घातलेली अॅल्युमिनिअमची पट्टी, जाडी अवघी काही मायक्रॉन. स्वयंपाकघरातली फॉइलसुद्धा हिच्यापुढे जाडजूड. दोन्ही बाजूंना चुंबक, मध्ये पट्टी लोंबती. आवाजाने ती हलते, चुंबकीय क्षेत्रात हलल्यामुळे तिच्यात नाममात्र वीज तयार होते आणि खालचा छोटा ट्रान्सफॉर्मर ती वाढवून बाहेर पाठवतो. वरच्या पट्टीत ही रचना आपसूकच मवाळ असते, त्यामुळे टाळ टाळासारखा ऐकू येतो.

कल्पना जुनी आहे. जर्मनीत शॉटकी आणि गेरलाख यांनी ती 1920च्या दशकात मांडली आणि पुढच्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने रेडिओ स्टेशनांत रुजवली. आजही कोल्स 4038 किंवा रॉयर आर-121 असा नावाजलेला रिबन माईक घ्यायचा तर हजार डॉलरच्या वर मोजावे लागतात. ती गोष्ट सोडून देऊ. आपल्या आवाक्यात येतात एमएक्सएल आर144, गोल्डन एज प्रोजेक्टचा आर1, एसईचा एक्स1 आर असे माईक. त्यांचे ट्रान्सफॉर्मर साधे असतात. हौशी मंडळी ते काढून लुंडाल कंपनीचे बसवतात. पहिल्याच माईकवर हा उद्योग करू नये, एवढंच सांगेन.

खरा खर्च पुढेच आहे. रिबनचा आवाज फार बारीक येतो. साध्या इंटरफेसमध्ये, म्हणजे माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यात, पन्नास-पंचावन्न डेसिबलपर्यंत गेन, म्हणजे आवाजाची वाढ, मिळतो. हळू गायलेल्या अभंगाला साठ-पासष्ट लागतो. नॉब शेवटपर्यंत फिरवला की गाण्यामागे ‘स्स्स’ सुरू. यावर उपाय म्हणजे क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेडसारखा बूस्टर. कंडेन्सर माईकसाठी इंटरफेस वायरमधून जे 48 व्होल्ट सोडतो ते हा स्वतः वापरतो, पुढे माईकला जाऊ देत नाही आणि वर पंचवीस-एक डेसिबल स्वच्छ गेन देतो. कधीकधी बूस्टर माईकपेक्षा महाग पडतो. खरं, दोन्ही मिळूनच किंमत धरा. नुसता माईक आणून ठेवलात तर महिनाभरात ओएलएक्सवर टाकाल.

(दृश्य: बुवा माईकभोवती फिरून बघताहेत.)

“काय वो, मागनं पण ऐकतंय हे?”

“होय की, बुवा. पुढनं जेवढं, तेवढंच मागनं.”

“खरं बाजूनं?”

“बाजूनं बहिरं.”

रिबनचं सगळं गणित या दोन ओळींत आहे. आवाज पकडण्याचा त्याचा आकार इंग्रजी आठासारखा. म्हणून बुवा पुढे आणि टाळकरी दोन्ही बाजूंना, बहिऱ्या अंगाला. टाळ भिंतीवर आपटून थोडा येतोच, पण सोसवेल इतका. दोघे गाणारे असतील तर समोरासमोर उभे करा, एकच माईक पुरतो. धोका आहे तो मागच्या भिंतीचा. उघडी सिमेंटची भिंत असली की बुवांचाच आवाज परत येऊन डबा वाजल्यासारखं होतं. इथे महागडा फोम नको. घरातली जाड वाकळ दोरीवर टाका, एक माईकच्या मागे, एक बुवांच्या पाठीशी. मागांची घरघर फरशीतून स्टँडवर चढते. तिला लो-कट लावा, म्हणजे 80 हर्ट्झखालचा घुमणारा आवाज कापून टाका. आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली असेल तर लाईट जाणं ही या गल्लीतली रेकॉर्डिंगची सगळ्यात उत्तम वेळ!

गाणाऱ्याने तोंड माईकला लावू नये. रिबनजवळ गेलं की खर्ज भसाभसा वाढतो. तानेबरोबर मान हलवायची सवय असलेल्या गायकाचा आवाज मग एकाच ओळीत कधी जाड, कधी पातळ. वीतभर तरी अंतर हवं. त्यात मराठीत भ, फ, ध यांचा सुळसुळाट. ‘पांडुरंग’ म्हणतानाही पहिल्याच अक्षराला वाऱ्याचा झोत सुटतो. माईक ओठांच्या थोडा वर ठेवून पुढे पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाचा वारा अडवणारी जाळी, लावावा. डोक्यावरचा पंखा बंद.

वाऱ्यावरून आठवलं, आपल्या मंडपवाल्यांची ती सवय. माईक हातात आला की आधी फू, फू, मग “हॅलो चेक”. मंडपातला तो दणकट डायनॅमिक माईक ते सोसतो. रिबनची पट्टी एका फुंकरीत ताणली जाते आणि पट्टी बदलून देणारा कारागीर सहजासहजी सापडत नाही. वायरमध्ये शॉर्ट असेल आणि 48 व्होल्ट चालू असतील तरीही तोच धोका. म्हणून बूस्टर नसेल तर 48चं बटण बंद करायचं, थोडं थांबायचं आणि मगच वायर जोडायची.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत काम करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ड्यूटीवरून थेट भजनाला येत असाल तर माईकला हात लावायच्या आधी कपडे बदला. आत जोरदार चुंबक आहे. लोखंडाचा बारीक कीस जाळीतून आत ओढला जातो आणि पट्टीशेजारच्या फटीत बसतो. काम झालं की माईकवर कापडी पिशवी घालून तो उभाच ठेवायचा, आडवा टाकला तर पट्टी हळूहळू झोल खाते.

(दृश्य: दुसऱ्या खोलीत हेडफोन लावलेली तरुण गायिका, समोर लॅपटॉप.)

हिचा आवाज नाजूक, आणि गाणं ढोल-कीबोर्डच्या गजरात बसवायचंय. इथे रिबन घेऊ नका. वरची चमक नसल्यामुळे आवाज संगीताखाली दडपून जाईल आणि ट्रेबल वाढवत बसलं की ‘स्स्स’ही वाढेल. हिच्यासाठी साधा डायनॅमिक माईक आणा आणि उरलेल्या पैशांत आणखी दोन वाकळा शिवून घ्या.