कोनावरचं सूत, सुयांवर

दुकानात ‘लोकर द्या’ म्हटलं की समोर येतो तो बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा गुंडा. थंडीच्या प्रवासाला तो ठीक आहे. पण मुंबईत बाळाच्या अंगात तो कशाला? ॲक्रिलिक घाम शोषत नाही. आणि तिकडे इचलकरंजी, सोलापूर, मालेगावला मागावर चढणारं सूत कोनांवर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या रिळांवर, भरलेलं असतं. ते विणकाम करणाऱ्यांच्या हिशेबातच येत नाही, कारण ते फार बारीक दिसतं.

बारीक असतंच. सुताचा नंबर जितका मोठा, तितकं ते बारीक. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या बसतात, तो त्याचा नंबर. २० नंबरचं एकपदरी सूत १०० ग्रॅममध्ये साधारण ३,४०० मीटर भरतं. कोनावर २/२० लिहिलं असेल तर २० नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले आहेत, म्हणजे १,७०० मीटर. असे चार धागे एकत्र घेतले की १०० ग्रॅमला ४२५ मीटर पडतात आणि १० नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुया त्याला बरोबर बसतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या बिनबाह्यांच्या बंडीला १०० ग्रॅम पुरतं. सहा धागे घेतले तर ८ नंबरच्या सुया घ्या.

एकाच कोनातून चार धागे काढायचे तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून चार सारखे गुंडे करा आणि मग चारही धागे एकत्र गुंडाळा. ताण सारखा हवा. एक धागा सैल राहिला की त्याची छोटी वेटोळी कापडावर उभी राहतात आणि ती नंतर ओढून बसत नाहीत.

एकपदरी सूत शक्यतो घेऊच नका. हातभर धागा ताणून त्याची दोन टोकं जवळ आणा. तो स्वतःभोवती भराभर गुंडाळला, तर पीळ उरलेला आहे. एक ओळ सुलट, एक उलट विणलंत की कापड तिरकं जाणार आणि बाजूची शिवण पोटावर येणार. घेऊन ठेवलंच असेल तर साबुदाण्याची वीण घाला, म्हणजे सुलट आणि उलट टाके दर ओळीत आलटूनपालटून; तिच्यात तिरकेपणा बराच दबतो.

कोऱ्या सुतावर कापसाचं नैसर्गिक मेण असतं, पाण्याचा थेंब त्यावर तसाच थांबतो. विणण्याआधी लडी करा, चार ठिकाणी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा, लिटरला ५ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून अर्धा तास उकळा. पाणी पिवळट होईल, होऊ द्या. रंगवलेलं सूत मात्र उकळू नका.

सर्वांत जास्त फसगत होते ती लोकरीच्या सवयीनं विणल्यामुळे. लोकर ताणली की परत येते, सूत येत नाही. म्हणून एक टाका सुलट, एक टाका उलट अशी कमरेची पट्टी दोन धुण्यांत सैल होऊन फुलते. तिथे दोन नंबर बारीक सुया लावा आणि दहातला एक टाका कमी घाला. उंची तर स्वतःच्या वजनानंच वाढते. १५ सेंटिमीटरचा नमुना विणून धुवा आणि खाली कपड्याचे चिमटे लावून रात्रभर टांगा. १५ चे १६ झाले, तर ४० सेंटिमीटर हवे असताना साडेसदतीसला थांबायचं.

एरी रेशमाचंही असंच. ही अळी एरंडाची पानं खाते, कोष एका टोकाला उघडा असतो, पतंग बाहेर पडून जातो. त्यामुळे सलग तंतू निघत नाही, कापसासारखी कताई करावी लागते. म्हणूनच ते चकाकत नाही, मऊ आणि उबदार असतं. आसामात त्याच्या चादरी अंगावर घेतात. आपण शाल किंवा गळपट्टा विणावा, अंगाबरोबर बसणारा स्वेटर नको. याला सोडा कधीही लावू नका, तंतू खराब होतो. कोमट पाणी, थोडा शाम्पू, आणि वाळत घालताना आडवं पसरा.

राहिली आपली दख्खनी मेंढीची लोकर, घोंगडीची. ती टोचते. धुऊन थोडी मऊ होईल, पण त्यातला जाड केस तसाच राहतो, म्हणून टोपी-मोज्यांचा नाद सोडा. आसन किंवा पिशवी विणा. दोन धागे एकत्र, सुया नेहमीपेक्षा एक नंबर बारीक, सगळ्या ओळी सुलट. पिशवीला आतून सुती अस्तर लावा, नाहीतर केस आतल्या वस्तूंना चिकटत राहतील.