आवाज खाली कुणी करायचा?

माझ्यासमोरचा हा माइक परवानगी काढून लावलेला आहे आणि रात्री दहाला तो बंद होईल. उघड्यावरचं व्याख्यान आणि मिरवणूक, दोन्हींना लागू होणारा नियम एकच: ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. तरी घरून निघताना तुमच्यापैकी कुणी ‘घाटावर गोंगाट आहे’ असं म्हटलं नसणार. ‘व्याख्यान आहे’ म्हणालात. मराठीत आवाजाला नावं भरपूर: नाद, गजर, घोष, गलका, कलकलाट, दणदणाट. आपल्या देवळात होतो तो गजर, पलीकडच्या वस्तीत होतो तो गलका. आवाज मोजायच्या मीटरवर दोन्ही सारखेच भरतील कदाचित. नाव मात्र मीटर काढण्याआधीच ठरलेलं असतं.

आकडे पाठ असलेले बरे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. औद्योगिक भागात, म्हणजे आपल्या नाशकातल्या सातपूर-अंबडला, ७५ आणि ७०. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. आता जुन्या नाशकात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असतं. तो भाग व्यापारी ठरला, तर वर झोपलेल्या माणसाच्या वाट्याला रात्री दहा डेसिबल जास्त येतात. त्याची झोप काही व्यापारी होत नाही! शांतता क्षेत्राचंही तसंच. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर पूर्वी शांतता क्षेत्रच धरले जात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने तसं जाहीर केल्याशिवाय कुठलीही जागा शांतता क्षेत्र ठरत नाही. रुग्ण तोच, खाट तीच. कागद नसेल तर शांतता नाही.

गणपतीच्या आधी शांतता समितीची बैठक होते. तिथे बारा बॉक्सऐवजी सहा लावायचं ठरलं, की सगळ्यांना वाटतं निम्मा आवाज गेला. प्रत्यक्षात ३ डेसिबल गेले, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात, म्हणजे ध्वनीची शक्ती एक दशांशावर यावी लागते. बारा बॉक्सचा सव्वा बॉक्स! उघड्या मैदानात अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल उतरतात. गल्लीत तेवढे उतरत नाहीत, कारण दोन्हीकडच्या भिंती आवाज परत फेकतात. म्हणून बॉक्स मोजत बसण्यापेक्षा अरुंद गल्लीत बॉक्सची गाडी उभी करायची नाही, ही अट धरा.

आता मीटरकडे येऊ. कायदा ‘ए’ भारांकनाने मोजतो, म्हणजे खर्ज आणि वरचे स्वर यांना कमीजास्त वजन देणाऱ्या पट्टीने. ही पट्टी १९३० च्या दशकातली, हळू आवाज माणसाला कसे ऐकू येतात त्यावरून बेतलेली. हळू आवाजात आपल्याला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून ती ५० हर्ट्झला ३० डेसिबल वजा करते. परिणाम बघा. डीजेचा ५० हर्ट्झचा बेस १०० डेसिबलने दणकतोय, छातीत धडधडतंय, कपाटातली भांडी वाजताहेत, आणि मीटर त्या बेसचे ७० दाखवतो. हातगाडीवाल्याची हाक, देवळातली घंटा, अजान हे सगळं त्या पट्टीवर जवळजवळ पूर्ण मोजलं जातं. माणसाचा गळा पकडणारी आणि बॉक्सचा बेस सोडून देणारी ही पट्टी आहे. कुणी कट केलेला नाही; हळू आवाजाची फूटपट्टी मोठ्या आवाजाला लावली, एवढंच. त्यात त्या बेसची तरंगलांबी जवळपास ७ मीटर. नऊ इंची भिंत त्याला फारशी अडवत नाही.

म्हणून मोजताना ‘ए’ आणि ‘सी’ (खर्ज जवळजवळ पूर्ण मोजणारी पट्टी) दोन्ही लिहून ठेवा. ‘सी’चा आकडा वीसेक डेसिबलने जास्त आला तर मुख्य त्रास बेसचा आहे असं समजा. मीटर क्लास २ च्या अचूकतेचा तरी हवा. सुरू करण्याआधी कॅलिब्रेटर लावून ९४ डेसिबलला जुळवा, वाऱ्यासाठी माइकवर फोमची टोपी चढवा, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंच धरा, भिंतीपासून तीनेक मीटर दूर राहा आणि पंधरा मिनिटांची सममूल्य पातळी, म्हणजे तेवढ्या वेळातल्या ध्वनिऊर्जेची सरासरी, घ्या. फोनवरच्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही: फोनचा माइक बेस कापतो आणि मोठ्या आवाजाला अडखळतो. सगळ्यात जास्त चूक होते ती वेगळीच. लोक फक्त वाजत असताना मोजतात. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर मर्यादा आहे त्या भागासाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. पण काही वाजत नसतानाची पातळी आदल्या दिवशी त्याच वेळी मोजली नसेल, तर त्यातला बॉक्सचा वाटा किती हे कसं सांगणार?

हलगी, संबळ, ढोल वाजवणारे हात पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींचे. त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं आणि वाजवायला तेवढं आत बोलावलं. तोच ढोल गणवेशातल्या पथकाने कमरेला बांधला की ती संस्कृती होते आणि लग्नाच्या वरातीतली हलगी कटकट ठरते. नाशिक ढोलाचा मला अभिमान आहे, पण पथकाच्या मधोमध मीटर सहज शंभरी ओलांडतो. १०० डेसिबलला कानाची सुरक्षित मुदत पंधरा मिनिटं. दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. सराव तासन् तास चालतो. कानात कापूस घालून काही होत नाही. फोमचा बोळा पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, बोळा आत सारून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा.

शांतता विकतही मिळते. जाड काच, घट्ट खिडकी, आत एसी. पण एसीचं बाहेरचं यंत्र शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून घरघरतं. आपली शांतता आपण त्याच्या खर्चाने घेतो. (निसर्गाने एक गंमत ठेवली आहे: खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट राहिली, तर काच कितीही महाग घ्या, २० डेसिबलपेक्षा जास्त अडत नाहीत. सरकत्या खिडक्यांवर पैसे घालणाऱ्यांनी आधी फटी बघाव्यात.) अशाच सोसायट्यांच्या फाटकावर फेरीवाल्याला ओरडायची बंदी असते. त्याचा आवाज म्हणजे त्याची पाटी, त्याची जाहिरात.

आता २०२७ चा सिंहस्थ. रामकुंडावर हरवलेल्या माणसाचं नाव पुकारलं जाईल, ते ऐकू यायलाच हवं. शेजारचा मंडप आवाज चढवतो म्हणून आपण चढवतो, आणि पुकारणाराही चढवतो. घाटाच्या दगडी पायऱ्या सगळ्यांचेच आवाज परत फेकतात. चार मोठ्या कर्ण्यांऐवजी दर पंधरा-वीस मीटरवर लहान स्पीकर लावावेत, गर्दीपेक्षा दहा-पंधरा डेसिबल वर ठेवावेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून पुढच्या प्रत्येक स्पीकरला मीटरमागे ३ मिलिसेकंद उशीर द्यावा. नाहीतर एकच नाव दोनदा, एकमेकांवर चढून ऐकू येतं. आणि पुकारा सुरू झाला की मंडपांचे स्पीकर बंद होतील अशी कळ नियंत्रण कक्षात हवी. मंडप कुणाचाही असो.