साडेसहाशे किलोंची बोट

नमस्कार मंडळी. मेलबर्नमध्ये स्नॅपर माशाचा हंगाम तोंडावर आलाय. पोर्ट फिलिप बेच्या रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, आता उजाडायच्या आत बोटींची रांग लागेल, आणि त्या रांगेत हल्ली मराठीही ऐकू येतं. कोकणातला माणूस समुद्र नुसता बघत किती दिवस बसणार!

माझी फजिती सांगतो. बोट घेतली तेव्हा माहितीपत्रकात वजन होतं ६५० किलो. गाडीची ओढायची मर्यादा १५००. म्हटलं, निम्मंसुद्धा नाही. पहिल्याच फेरीला हायवेवर स्टिअरिंग हाताला हलकं लागायला लागलं. समोरचे सगळे अप्पर-डिप्पर मारत होते, कारण माझे दिवे त्यांच्या डोळ्यांत जात होते. गाडी मागून बसली होती, तोंड वर. उसाच्या ट्रॉलीमुळे ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली पाहिलीत ना? तीच गत, फक्त जरा सभ्य.

दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर ट्रेलर गाडीपासून सोडवून एकटा तोलला. १५४०! ते साडेसहाशे नुसत्या सांगाड्याचे होते. इंजिन १८०, ट्रेलर ४८०, १३० लिटर पेट्रोल म्हणजे लिटरला पाऊण किलो धरून ९७. बाकी बॅटरी, नांगर, साखळी, बर्फाची पेटी आणि घरून दिलेला भलामोठा डबा.

मग सामान गाडीत टाकावं? थांबा. गाडीलाही तिची मर्यादा आहे, आणि टो बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, टेकणारं वजन गाडीच्याच खात्यात जातं. शिवाय गाडी आणि ट्रेलर मिळून तिसरी मर्यादा असते. जाहिरातीत ३५०० किलो ओढणारी युट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घ्या. तिची स्वतःची मर्यादा ३२०० आणि दोघांची मिळून ६००० असेल, तर भरगच्च युटमागे २८०० च्या आसपासच उरतात. हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत कोणी छापत नाही.

मी टाकी अर्धी ठेवली, पेटी पुढून मधे आणली आणि ट्रेलरवरचा विंचचा खांब, ज्याला बोटीचं नाक टेकतं तो, चार बोटं मागे घेतला. फार मागेही नको. टो बॉलवर साधारण दहा टक्के वजन हवं. बोटींच्या ट्रेलरला थोडं कमी चालतं, ते बनवणाऱ्याला विचारा. अगदीच हलकं झालं तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तसं झालंच तर गाडीचा ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा. आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. २००० च्या वर सगळ्या चाकांना, आणि ट्रेलर निसटला तर आपोआप लागतील असे.

रॅम्पवर पोचलात की लगेच पाण्यात घालू नका. ट्रेलरच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून बघा. तापलेलं असेल तर थंड पाण्यात आतली हवा आकसते, खारं पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं आणि ग्रीसचं वाटोळं होतं. पंधरा मिनिटं थांबा. थर्मासमध्ये चहा असेलच.