कीर्दीत नाही ते गोषवाऱ्यात नाही

(वाणिज्य शाखेच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत केलेलं भाषण, थोडं संपादून.)

मंडळी, पुढं या. पहिल्या दोन रांगा पाहुण्यांसाठी असतात असं समजून आपण आयुष्यभर मागं बसतो. आज पाहुणा मीच आहे आणि मी उभा राहणार आहे.

फलकावर ‘ॲबस्ट्रॅक्ट कसा लिहावा’ असं लिहिलंय. परिषदेला पेपर पाठवण्याआधी त्याचा जो थोडक्यात सारांश पाठवतात, तो हा. मी त्याला गोषवाराच म्हणणार, आणि हट्टानं म्हणणार. ज्यांच्या घरी दुकान आहे किंवा माग आहेत त्यांना हा शब्द नवा नाही. माझे वडील इचलकरंजीत एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. लाल कापडी पुठ्ठ्याची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कीर्दीवरून खातेवार नोंदींची खतावणी, आणि महिनाअखेरीला एका पानावर गोषवारा: जमा इतकी, नावे इतकी, शिल्लक इतकी. शब्द मूळचा फारसी. तिकडं त्याचा एक अर्थ कानातला दागिना असाही आहे. का ते मला विचारू नका. वडिलांचा दंडक असा, की गोषवाऱ्यातल्या कुठल्याही आकड्यासाठी कीर्दीच्या पानावर बोट ठेवता आलं पाहिजे. एकदा साडेतीन रुपये जुळेनात, तर रात्री साडेअकरापर्यंत आम्हा भावंडांना जागं ठेवून आळीपाळीनं पानं वाचायला लावली. सापडले. कुणाला तरी दिलेली चहाची उचल दोनदा लिहिली होती.

परिषदेला पाठवायच्या गोषवाऱ्याबद्दल मला जे सांगायचंय ते या साडेतीन रुपयांच्या गोष्टीत आलं. तरी संयोजकांनी तासभर दिलाय, तर बोलतो.

गेली काही वर्षं मी लघुउद्योगांवरच्या परिषदांसाठी आलेले गोषवारे तपासतो. एका हंगामात ऐंशी-नव्वद होतात. त्यातल्या निम्म्यांचं पहिलं वाक्य मी डोळे मिटून सांगतो: ‘लघुउद्योग हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा आहे.’ कणा, कणा, कणा. दुपारपर्यंत मला हाडांच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटायला लागतं. वाक्य खोटं आहे असं नाही. पण तीनशे शब्दांची मर्यादा आहे, आणि तुम्ही त्यातले पंचवीस-तीस अशा गोष्टीवर घालवलेत जी परिषद भरवणाऱ्यांना माहीत आहे. माहीत नसती तर त्यांनी परिषद कशाला भरवली असती?

माझा स्वतःचा पहिला गोषवारा परत आला होता. परीक्षकानं खाली एकच ओळ लिहिली होती: ‘यातला लघु कोण?’ मला राग आला. शीर्षकात लघुउद्योग आहे, मजकुरात सहा वेळा आहे, अजून काय सांगायचं? राग ओसरायला वर्ष गेलं. आज मी तीच ओळ दुसऱ्यांच्या गोषवाऱ्यांखाली लिहितो.

कारण आपल्याकडं ‘लघु’ हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं राहतो. बोलण्यात लघुउद्योग म्हणजे पापड-लोणच्यापासून फाउंड्रीपर्यंत सगळं. कायद्यात मात्र त्याला आकडा आहे, आणि तो आकडा बदलत आलाय. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात उत्पादन करणाऱ्याची मोजणी यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीवर होती: २५ लाखांपर्यंत सूक्ष्म, ५ कोटींपर्यंत लघु, १० कोटींपर्यंत मध्यम. सेवा देणाऱ्यांची फूटपट्टी वेगळी आणि आखूड. १ जुलै २०२० ला उत्पादन आणि सेवा हा भेद गेला आणि गुंतवणुकीच्या जोडीला उलाढाल आली. सूक्ष्म म्हणजे १ कोटी गुंतवणूक, ५ कोटी उलाढाल. लघु म्हणजे १० आणि ५०. १ एप्रिल २०२५ पासून हेही वाढलं. आता सूक्ष्म अडीच आणि १० कोटी, लघु २५ आणि १००.

शिरोलीच्या एमआयडीसीतलं एक मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. यंत्रं दोन कोटींची, उलाढाल आठ कोटी. २०१९ मध्ये तो लघु. २०२० नंतरही लघु. १ एप्रिल २०२५ ला सकाळी मालकानं शटर वर केलं, तेव्हा कायद्याच्या लेखी तो सूक्ष्म झाला होता. आत लेथ होता तिथंच होता, माणसं तीच, चहावाला तोच. आणि मग आमच्याकडं एखादा गोषवारा येतो, की अमुक काळात सूक्ष्म उद्योगांची संख्या लक्षणीय वाढली, यावरून उद्योजकतेला चालना मिळाल्याचं दिसतं. अहो, चालना कुणाला मिळाली? व्याख्या सरकली.

अजून एक आकडेवारी सांगतो, कारण ती ऐकून मी पहिल्यांदा खुर्चीत सावरून बसलो होतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशात बिगरशेती सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मिळून ६ कोटी ३४ लाखांच्या आसपास धरले गेले. त्यात सूक्ष्म ६ कोटी ३० लाखांवर. लघु किती? ३ लाख ३१ हजार. मध्यम पाच हजार. म्हणजे तुम्ही शीर्षकात ‘लघु’ लिहिता तेव्हा कायद्याच्या काटेकोर अर्थानं शंभरातल्या अर्ध्या उद्योगाबद्दल बोलताय, आणि मुलाखती घेतल्यात त्या बहुतेक बाकीच्या साडेनव्याण्णवांतल्या. परिषद परदेशातली असेल तर गोंधळ आणखी वाढतो. अनेक देशांत लहान-मोठं ठरवताना कामगारांची संख्या बघतात. तिथल्या परीक्षकाला तुमचा ‘स्मॉल’ कळायचा असेल, तर उद्योगात माणसं किती हे एका कंसात लिहून टाका.

आता प्रत्यक्ष लिहू. समजा तुमचा विषय इचलकरंजीतले खर्चीवाले. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, खर्चीवाला म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारा यंत्रमागधारक. सूत व्यापाऱ्याचं, माग याचे, मजुरी पिकावर, म्हणजे कापडात विणलेल्या आडव्या धाग्यांवर, ठरते. विषय चांगला आहे. पण गोषवारा सुरू होतो तो ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ इथून, मग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, मग शहराची लोकसंख्या. दातारांबद्दल मला आदर आहे. पण तुमच्या तीनशे शब्दांत त्यांना जागा नाही. त्यांना प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात नीट बसवा.

त्याऐवजी प्रश्नापासून सुरू करा. मजुरीचे पैसे किती दिवसांनी हातात येतात? इथं बहुतेक विद्यार्थी लगेच लिहितात: ‘कायद्याने ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे.’ थांबा. तोच २००६ चा कायदा पुन्हा वाचा, कलम १५. ४५ दिवस ही लेखी करार असेल तेव्हाची कमाल मर्यादा आहे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस. आणि खर्चीवाल्याकडं लेखी करार कुठला? फोनवर ‘बीम पाठवतो’ म्हणायचं (बीम म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ), की सुरू. तेव्हा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून त्याची नोंदणी असेल तर त्याच्यासाठी कायद्याची मुदत १५ दिवसांची. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. आजवर कुणी खर्चीवाल्यानं असं व्याज मागितल्याचं माझ्या कानावर नाही. मागेल तर पुढचा बीम येईल का? बघा, इथं तुमचा पेपर सापडला.

मग गोषवारा साधारण असा होतो: ‘मजुरीवर विणकाम करणाऱ्या सूक्ष्म यंत्रमागधारकांना कायद्याने मिळालेले उशिरा देयकाचे संरक्षण प्रत्यक्ष वापरात येते का, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे. इचलकरंजीतील ४८ पेक्षा कमी माग असलेल्या अमुक इतक्या धारकांच्या एका आर्थिक वर्षाच्या मजुरी वह्या तपासल्या आणि मुलाखती घेतल्या. लेखी करार अमुक जणांकडे होता. मजुरी मिळण्यास सरासरी अमुक दिवस लागले. व्याजाची मागणी अमुक जणांनी केली. न करण्याची कारणे अशी.’ प्रत्येक ‘अमुक’च्या जागी वहीतला आकडा. ४८ ही सीमा मी आत्ता उदाहरणाला घेतली. तुमची सीमा तुम्ही ठरवा, पण ठरवा. ‘लहान यंत्रमागधारक’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि त्या ‘अमुक’च्या जागी काहीच नसेल तर? तर तुम्ही लिहिता, ‘या पेपरमध्ये निष्कर्षांची चर्चा करण्यात येईल.’ हे वाक्य मी शंभरदा वाचलंय. त्याचा अर्थ कीर्द कोरी आहे. त्यात लाज नाही. बऱ्याच परिषदांत चालू कामासाठी वेगळं सत्र असतं, तिकडं पाठवा आणि सरळ लिहा की पाहणी अमुक महिन्यात पूर्ण होईल. परीक्षक सरळ माणसाला फार छळत नाहीत.

बाकीच्या गोष्टी पटापट. मर्यादा तीनशे शब्दांची असेल तर तीनशे एक नको. काही ठिकाणी संगणकच पुढचं कापतो आणि नेमका निष्कर्ष जातो. निनावी परीक्षण असेल तर मजकुरात ‘मी माझ्या एम.फिल.च्या प्रबंधात दाखवल्याप्रमाणे’ असं लिहून नाव फोडू नका. सत्राचा विषय नीट निवडा. वित्तपुरवठ्याचा गोषवारा महिला उद्योजकांच्या सत्रात गेला, तर तो वाचणाऱ्यालाही काय करावं कळत नाही.

एका गोष्टीवर मात्र थोडं थांबतो. २०१६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी परिषदांमध्ये दोन सादरीकरणं सक्तीची होती. २०२२ च्या नियमांत ती सक्ती गेली, पण तिच्यावर उगवलेला बाजार गेला नाही. मी एकदा मुद्दाम रात्री दहाला एका परिषदेला गोषवारा पाठवला. अकराच्या आत ‘अभिनंदन’ आलं, खाली शुल्क भरायचा क्यूआर कोड. त्यांनी वाचला असता तर दुसरा परिच्छेद मी चुकून दोनदा चिकटवलाय हे दिसलं असतं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी एक प्रोग्राम लिहिला, त्यानं अर्थहीन शब्द जुळवून एक पेपर तयार केला, आणि तिथल्याच एका परिषदेनं तो स्वीकारला. हा रोग आपलाच आहे असं समजू नका. पण शुल्क तुमच्या शिष्यवृत्तीतून जातं, म्हणून ‘इतक्या लवकर कसं वाचलं?’ एवढं स्वतःला विचारा. लघुउद्योगांवर धड काम करणाऱ्या जागा आहेत. अहमदाबादची उद्योजकता विकास संस्था आहे, १९५५ पासून चालत आलेली आंतरराष्ट्रीय लघुउद्योग परिषद ही संघटना आहे. तिथं उत्तराला आठवडे लागतात आणि नकारही येतो.

चहा आलेला दिसतोय. ज्यांनी आपले गोषवारे छापून आणलेत त्यांनी वरचं नाव पेनानं खोडावं आणि कागद या टेबलावर पालथे ठेवावेत. चहानंतर प्रत्येकानं एक उचलायचा आणि जिथं आकडा आहे तिथं समासात लिहायचं, ‘कुठल्या पानावर?’ माझाही एक यात टाकलाय, परवाच पाठवायचा आहे. कुणाच्या हाती येतो बघू.