पिवळा बांध

[दृश्य : इंदूरजवळचं सोयाबीनचं शेत, जुलैची दुपार]

सांवेरच्या रस्त्यानं इंदूर मागे पडलं, की दोन्ही बाजूंना नुसतं सोयाबीन. माळव्याची काळी जमीन, जूनअखेरची पेरणी, आणि आता वीतभर आलेलं पीक. ओळींमध्ये तण दिसत नाही. शेतकऱ्यानं वेळेवर फवारणी केली आहे.

आता बांधाकडे बघा. बांध पिवळा पडलाय. केना, एकदांडी, कुर्डू, सगळं माना टाकून बसलंय. शेतात मारतात ते निवडक तणनाशक, सोयाबीन वाचवून तण मारणारं. बांधावर मात्र ग्लायफोसेट मारलं जातं. ते हिरव्या पानातून शिरतं आणि मुळापर्यंत पोचतं.

"दादा, बांधावरचं गवत म्हणजे किडीचं घर," शेताचे मालक सांगतात. त्यांच्या घरात चार पिढ्या माळव्यात शेती होतेय, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पांढरी माशी काही तणांवर खरंच वाढते. पण त्या माशीची पिल्लं खाणाराही त्याच बांधावर राहतो.

[दृश्य : पानाची खालची बाजू, अगदी जवळून]

केसाएवढ्या बारीक देठाच्या टोकावर हा पांढरट ठिपका आहे ना, ते क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका मित्रकिडीचं अंडं. पानाला न चिकटवता मादी ते असं अधांतरी ठेवते, कारण आधी बाहेर आलेली अळी इतकी खादाड असते की शेजारचं भावंडही सोडत नाही. वाकडे, आतून पोकळ जबडे माव्याच्या, म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या बारीक किडीच्या, अंगात रुतवायचे आणि रस शोषून चोथा टाकून द्यायचा, हा तिचा दिवसभराचा उद्योग. दुसऱ्या किडींची अंडीही ती फस्त करते.

पंख फुटले की मात्र हाच जीव शिकार सोडतो. मग त्याला लागतो फुलातला मध, पराग, नाहीतर माव्यानं सोडलेला चिकटा. सिरफिड माशीचंही तेच, अळीला मावा आणि माशीला फूल. ढालकिडासुद्धा मावा मिळेनासा झाला की परागावर दिवस काढतो.

आता हिशेब करा. सोयाबीनमध्ये उभ्या पिकातलं तणनाशक मारतात पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी. सोयाबीन फुलावर येतं साधारण ३५ ते ४० दिवसांनी. मधले तीनेक आठवडे शेतात फूल नाही. तेव्हा या मित्रकिडींनी जायचं कुठं? बांधावर. आणि बांध पिवळा आहे. पुढे ऑगस्टमध्ये उंटअळी आणि तंबाखूची अळी पिकावर चढतात, तेव्हा त्यांना खाणारे हजर नसतात. मग कीटकनाशकाचा पंप निघतो, आणि उरलेसुरले कोळीही त्यात मरतात.

तणनाशकानं किडे मरत नाहीत, असं दुकानात सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. प्रत्येक औषधाचा परिणाम सारखा नसतो, पण सोयाबीनच्याच देशात, अर्जेंटिनात, प्रयोगशाळेत ग्लायफोसेट तपासलं गेलं. औषध लागलेलं भक्ष्य खाऊन वाढलेल्या क्रायसोपाची प्रजननक्षमता घटली. सोयाबीनमध्ये जाळं विणणारे कोळी कमी खाऊ लागले, त्यांचं जाळं बिघडलं, पिलावळ कमी झाली. ते संशोधन २००९ आणि २०१० मध्ये छापून आलं. जीव मेला नाही, पण शेताच्या कामाचाही राहिला नाही. आम्हाला जास्त काळजी याच नुकसानीची वाटते, कारण मेलेला किडा निदान दिसतो तरी.

[दृश्य : पावसानंतरचं शेत, चिखलात रुतलेला पाय]

शेतकऱ्याची अडचण आम्ही पाहिली आहे. माळव्यात पावसाची झड लागली की या काळ्या जमिनीत पाय ठेवता येत नाही, डोरा, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं कोळपं, चालवणं तर दूरच. निंदणीला मजूर मिळत नाहीत. आणि पहिल्या ३० ते ४५ दिवसांत तण आवरलं नाही तर पीक हातचं जातं. त्यामुळे शेतातली फवारणी बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. बांधावरची करू नका, एवढंच मनापासून मागतोय. बांधावर सोयाबीन नाही, तिथलं गवत कुणाचं उत्पन्न खात नाही.

याच इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्या ढिगात शेण आणि काडीकचऱ्याबरोबर तणही पडायचं. कापलेलं तण आजही तिथंच जायला हवं.

[दृश्य : विळ्यानं बांध कापणारे हात]

शेतात फवारायचं तर सकाळी, वारा पडलेला असताना, फ्लॅट फॅन, म्हणजे पंख्यासारखा चपटा फवारा देणारं नोझल लावून. बांधाकडच्या ओळींवर नोझल खाली धरा, तुषार उडू देऊ नका. बांध विळ्यानं कापा, पण एका दमात सगळा नको. आज एक बाजू, आणि तिथं पुन्हा फुटवे आले की दुसरी. गाजरगवत मात्र ठेवू नका. हातमोजे घालून, फुलं यायच्या आधी, ओल असतानाच मुळासकट उपटा.